दिवा लागलाय? लागू दे की!

नवीन बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमातला ट्रक घेतला, अभिनंदन. नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली, पेढे वाटून झाले, आता एकच काम राहिलं, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक करायचं. घाबरू नका, आपल्या सांगली भागात हे काम निम्मं आपोआपच होतंय, आपण फक्त थोडी साथ द्यायची. मी माझ्या एकुलत्या एक गाडीवर एका गळीत हंगामात करून दाखवलंय, तेव्हा हे सगळं अनुभवाचं आहे, ऐकीव नाही.

आधी शत्रू ओळखा. सायलेन्सरच्या जागी जो भला मोठा डबा दिसतोय ना, त्यात सिरॅमिकची जाळी असती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, फक्त एक नळी पुढून बुजवलेली तर शेजारची मागून. म्हणजे धुराला सरळ वाटच नाही, भिंतीतून पाझरून बाहेर पडायचं आणि काजळी आत ठेवून जायची. १ एप्रिल २०२० पासून हे आपल्या गळ्यात आलं, बीएस फोरवरून पाच गाळून थेट सहावर उडी, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमचं १० वर आणलं, आणि हे सगळं कशापायी तर धुरानं कॅन्सर होतो म्हणे. २०१२ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं डिझेलच्या धुराला तंबाखूच्याच पंगतीत नेऊन बसवलं. आता ज्या गावात सकाळी चहाच्या आधी तंबाखू मळली जाती तिथं हे सांगून कोण भिणार?

तर ही साठलेली काजळी जाळायलाच लागती, त्याला रिजन म्हणतात. गाडी भरून पेठ नाक्यावरून कराड, सातारा करत खंबाटकी चढली की सायलेन्सर असा काही तापतो की काजळी हळूहळू आपसूकच जळती, तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही. ते नाही जमलं तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः जादा डिझेल मारून फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास नेतो आणि जाळून टाकतो. म्हणजे आपलं काम काय? गाडी तापू द्यायची नाही. इतकं सोपं आहे बघा.

त्यासाठी साखर कारखान्याच्या यार्डासारखी जागा अख्ख्या देशात मिळायची नाही. दोनशे गाड्या पुढं, गव्हाणीवर काहीतरी तुटलेलं, काट्यावरचा माणूस जेवायला गेलेला. अशा वेळी इंजिन बंद करणारा ड्रायव्हर कंजूष समजावा. चालू ठेवा. आयडलिंगला धूर इतका कोमट असतो की काजळी नुसती बसती, जळत काही नाही, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचाच केलाय, तेव्हा नवीन गाडी असेल तर दुपारी काचा वर करून एसी लावा आणि निवांत झोपा. नंबर लागेपर्यंत फिल्टर पण भरतोय, झोप पण होतीय. हंगाम संपला की गाडी घरी ठेवू नका, मार्केट यार्डातनं हळदीची पोती उचलून कुपवाड, कुपवाडातनं मिरज, मिरजेतनं परत सांगली असं फिरवा. सारखा गिअर दुसरा-तिसरा, सारखे स्पीडब्रेकर. हायवेचं तोंड दाखवायचं नाही तिला.

एवढं करूनही कॉम्प्युटर गप्प बसत नाही, एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. पिवळा, डब्याचं चित्र आणि आत ठिपके. हा दिवा म्हणजे सल्ला असतो, आणि फुकटचा सल्ला ऐकायची आपल्याकडं पद्धत नाही. आमच्या ड्रायव्हर मामांनी तर त्याच्यावर गणपतीचा स्टिकर लावला. "मालक, रात्री डोळ्यावर येतोय" म्हणले. मीही म्हणलं बरोबर आहे, देवाच्या मागं दिवा असावाच.

मग स्टिकरच्या कडेनं तो लुकलुकायला लागला तेव्हा मामांना कुणीतरी सांगितलं की बटण दाबून उभ्या उभ्या रिजन मारता येतंय. न्यूट्रल, हँडब्रेक, बटण, आणि मग अर्धा तास हात लावायचा नाही. रात्री दोनला यार्डात मामांनी बटण दाबलं. रेस आपोआप वाढली, गाडी अशी घोंघावायला लागली की शेजारचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून "अॅक्सिलेटर अडकलाय का ओ" म्हणून विचारायला आला, उग्र वास सुटला, चहाच्या टपरीवाल्यानं तिथनंच आईबहीण काढली. दहा मिनिटं झाली असतील नसतील तर पुढची रांग हलली. आता रांग हलली आणि आपण नाही हललो तर मागचे चाळीस हॉर्न कोण खाणार? मामांनी हँडब्रेक सोडला, रिजन बंद पडलं, गाडी बरोबर अठरा फूट पुढं गेली. परत हँडब्रेक, परत बटण, परत रेस, परत रांग. पहाटेपर्यंत चार वेळा. मला सकाळी फोनवर सांगताना मामांच्या आवाजात अभिमान होता, "चार वेळा मारलं मालक, आता वर्षभर बघायला नको."

(एक राहिलंच. रिजन मारायला जागा बघताना खाली वाळलेलं पाचट असेल अशीच बघा. सायलेन्सरच्या तोंडातनं जी धग येती तिला एवढं पुरतंय, काजळीबरोबर ऊस पण जळतोय आणि जळका ऊस म्हणून कपात पण होतीय, एका बटणात तीन कामं.)

चार अर्धवट रिजनचा खरा फायदा पुढं कळतो. काही गाड्यांमध्ये हे जादाचं डिझेल सिलिंडरमध्येच मारलं जातं, ते सगळं जळत नाही, थोडं भिंतीवरनं ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. मी डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेलं, खुणेच्या बोटभर वर! आमच्या घरात वस्तू आपोआप वाढल्याचं हे पहिलंच उदाहरण, मी काठी पुसून दोनदा बघितलं आणि मामांना म्हणलं ह्या वेळी टॉपअप नको. ते ऑइल बोटाला लावून बघितलं तर पाण्यासारखं पातळ आणि वास डिझेलचा, पण एवढं बारीक कशाला बघायचं. बेअरिंगला काय वाटतंय ते बेअरिंग सांगंल.

ऑइलचं निघालंच आहे तर ते बदलताना पण डोकं वापरा. कंपनी म्हणती कमी राखेचं ऑइल टाका, सीके-४ का काय ते, महाग. आपण जुन्या गाडीचं उरलेलं टाकायचं. काजळी तरी जळती, ऑइलच्या औषधातली राख काय केल्या जळत नाही, सहाशे डिग्री करा नाहीतर हजार करा, आंघोळीच्या बंबातली राख कधी परत पेटलीय का? ती आत बसती ती बसतीच, फिल्टर काढून भट्टीत तापवून हवेनं झाडून घेतल्याशिवाय निघत नाही. अर्थात असं कुणी करू नये. वॉशिंग सेंटरवर न्यावं आणि जेट मारावा, राखेचा छान चिखल होऊन आतच घट्ट बसतोय.

आता माझ्या गाडीचं काय झालं. तीन दिवसांनी भरलेली गाडी घेऊन मामा इस्लामपूरकडनं येत होते, आष्ट्याच्या अलीकडं लाल दिवा लागला आणि पिकअप गेला. गेला म्हणजे गेलाच, कॉम्प्युटरनं ताकदच काढून घेतली, पाय पूर्ण दाबला तरी गाडी वीसच्या वर जाईना. मी मागनं मोटरसायकलवर होतो. आणि डोळ्यादेखत दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, फुल आवाजात गाणी लावून, आमच्या बीएस सिक्सला ओव्हरटेक करून गेला. ड्रायव्हर असंल सतरा-अठराचा. जाताना त्यानं वळून मामांना हात केला, मामांनी पण केला, दुसरं काय करणार.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नवीन फिल्टरचा आकडा सांगितला तेव्हा मी तिथल्या टायरवर बसलो. मग ओळखीतनं एक मिस्त्री मिळाला, आणि इथनं पुढं शहाणपणाचा कळस आहे, नीट वाचा. तो म्हणला नवीन कशाला, आतलं फोडून पोकळ करून देतो. लॅपटॉपवाला पोरगा येऊन कॉम्प्युटरला सांगंल की फिल्टर नव्हताच कधी. कारण नुसतं पोकळ करून भागत नाही, फिल्टरच्या पुढं-मागं दाब मोजणारा सेन्सर असतो, दाबात काहीच फरक पडंना झाला की तो परत बोंबलतो. धुराचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळेला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर लायसन तीन महिने बाद, पण मिस्त्री म्हणला "कोण बघतंय", आणि मिस्त्री म्हणतोय म्हणल्यावर आपण कशाला कायदा वाचत बसायचं.

मीही बसलो नाही. दुपारभर स्टुलावर बसून बघत होतो. त्यानं डबा कापला, पहारेनं आतली जाळी फोडली, आणि एकेक तुकडा उचलून, भुगासुद्धा झाडून, पोत्यात भरला. इतक्या काळजीनं मी त्याला नट उचलताना पण कधी बघितलं नव्हतं. म्हणलं पोतं कशाला बांधताय, उकिरड्यावर टाका की. तर म्हणला, "राहू दे मालक, तुम्ही कुठं घाण घेऊन जाताय, टाकतो मी." त्या घाणीला प्लॅटिनमचा मुलामा असतो हे मला दोन महिन्यांनी भंगारवाल्याकडनं कळलं. त्या दिवशी मात्र मी त्याची मजुरी दिली, पोतं उचलून त्याच्या स्कूटरवर ठेवायला हात लावला, आणि चहाचे पैसे पण मीच दिले.