गारठलेल्या माणसाला दारू पाजू नका: एका फॉरवर्डला उत्तर

‘बेघरांना मदत करताना लक्षात ठेवा’ असा सहा मुद्द्यांचा मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. काल तो मावशीने पाठवला, वर ‘उपयोगी आहे, जपून ठेव’ असंही लिहिलं. मावशी दर हिवाळ्यात पांघरुणं वाटायला जाते. म्हणजे ज्यांच्या हातून खरंच काही होऊ शकतं, नेमक्या त्यांच्यापर्यंत हा मजकूर पोहोचतोय. म्हणून उत्तर देणं भाग आहे. क्रमाने जात नाही, सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते.

मुद्दा ४: ‘थंडीने काकडलेला माणूस दिसला तर दोन घोट रम किंवा ब्रँडी द्या, हातपाय जोरात चोळा आणि शेकोटीजवळ बसवा.’

यातलं एकही करू नका.

दारू पोटात गेली की ऊब वाटते, हे खरं. ती येते कुठून ते बघा. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त कातडीकडे येतं आणि त्यातली उष्णता हवेत निघून जाते. कातडी गरम लागते, पण आतून माणूस आणखी गार होत जातो. शिवाय अंगात भरलेलं कापरं हा शरीराचा स्वतःला तापवायचा उपाय असतो, दारूने तोही मंदावतो. पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखरही घसरते.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. असा माणूस अडखळत चालतो, त्याची जीभ जड होते, विचारलेल्याचं धड उत्तर देत नाही. येणारेजाणारे ‘प्यायलेला दिसतोय’ म्हणून पुढे निघून जातात, आणि तिथेच घात होतो. आणखी एक खूण नीट लक्षात ठेवा: कापरं थांबलंय पण माणूस गुंगीतच आहे, तर तो सावरत नाहीये, खालावतोय.

चोळणं का नको? थंड पडलेलं हृदय फार नाजूक झालेलं असतं. हिसका बसला, जोराने चोळलं, धरून चालवलं, तर त्याचे ठोके बिघडून ते बंद पडू शकतं. शेकोटीचं म्हणाल तर बधिर कातडीला चटका कळतच नाही, भाजल्यावर लक्षात येतं. आणि बंद खोलीत पेटते निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने तिथली सगळीच माणसं झोपेत दगावू शकतात.

मग करायचं काय? आधी रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याला आडवंच ठेवून, हळुवार उचलून वाऱ्याच्या आड न्या. ओले कपडे ओढून काढू नका, कात्रीने कापा, कारण ओल्या अंगातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते. अंग टिपून घ्या आणि अंगाखाली आधी घाला: पुठ्ठ्याचे चार-पाच थर, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, चटई, जे मिळेल ते. सर्रास होणारी चूक हीच, की वर तीन पांघरुणं आणि खाली उघडी फरशी. फरशी रात्रभर उष्णता ओढत राहते आणि वरच्या पांघरुणांचा अर्धा उपयोग वाया जातो. डोकं आणि मान झाका. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीशी, काखेत, जांघेत ठेवा, हातापायांशी नको. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच कोमट गोड पेय घोट घोट द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि मदत येईपर्यंत जवळ थांबा.

मुद्दा ३: ‘आधी व्यसन सुटलं पाहिजे, मग घर. नाहीतर घराची वाट लावतील.’

एकच मेसेज मुद्दा ३ मध्ये दारू सोडायची अट घालतो आणि मुद्दा ४ मध्ये दारू पाजायला सांगतो. पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

हा प्रश्न अंदाजाने सोडवायची गरज नाही, त्याची चाचणी झालेली आहे. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात ‘अ‍ॅट होम’ नावाचा प्रयोग झाला. व्हँकुव्हर, विनिपेग, टोरंटो, माँट्रियल आणि माँक्टन ही पाच शहरं आणि मानसिक आजार असलेले दोन हजारांहून जास्त बेघर लोक त्यात होते. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. एका गटाला व्यसनमुक्तीची किंवा उपचारांची कुठलीही अट न घालता घर, भाड्याला हातभार आणि नियमित भेटीला येणारा कार्यकर्ता मिळाला. दुसऱ्या गटासाठी त्या त्या शहरात आधीपासून होत्या त्याच सोयी. दोन वर्षांच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले होते, दुसऱ्या गटातले ३१ टक्के. अट न घालता जवळपास दुप्पट.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. व्यसनाच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. घर मिळालं म्हणून दारू आपोआप सुटत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तेही खोटं. पण व्यसन असलेला माणूस घर टिकवूच शकत नाही, हा मेसेजचा दावा साफ कोसळला.

यात आणखी एक धोका आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ताप, भास, बरळणं असा प्रकार होऊन जीवही जाऊ शकतो. दारू सोडवणं हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन करायचं काम आहे. ‘आज बंद कर, उद्या ये’ असं कुणालाही सांगू नका.

मुद्दा १: ‘निवारे रिकामे असतात, हे लोक हौसेने रस्त्यावर राहतात.’

काही निवाऱ्यांत खाटा रिकाम्या राहतात, हे खरं आहे. हौस हे कारण मात्र खोटं. नवराबायकोला वेगळं झोपवतात. सामान ठेवायला कुलूपबंद जागा नसते, मग सकाळी चप्पल गायब. दार ठरल्या वेळी बंद होतं, त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्याला आत येता येत नाही. पहिल्याच रात्री ओळखपत्र मागतात. जिना चढता न येणाऱ्याला वरच्या मजल्यावरची खाट देतात. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसते. यातली बहुतेक कामं गवंडी-सुताराच्या दोन दिवसांची किंवा एका नियमातल्या बदलाची आहेत. तुमच्या भागातल्या निवाऱ्यात रात्री नऊनंतर एकदा जाऊन बघा: कुलपं किती, कडी आहे का, उशिरा आलेल्याला दार कोण उघडतं.

मुद्दा २: ‘जेवण वाटलं की गर्दी वाढते.’ त्या कोपऱ्यावर वाढते, हो. जवळपास असलेले लोक तिथे येतात, जेवण मिळतं म्हणून कुणी घर सोडून रस्त्यावर येत नाही. ठरलेली वेळ, हात धुवायला पाणी, कचऱ्याचा डबा आणि शेवटी झाडू मारणारी दोन माणसं असली की शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी मिटतात. पाच गटांनी एकाच दिवशी वाटप करून उरलेले दिवस कोरडे ठेवण्यापेक्षा वार वाटून घ्या.

मुद्दा ५: ‘पैसे कधीच देऊ नका.’ द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘कधीच’ म्हणताना औषध, बसभाडं, फोनचं रिचार्ज आणि कागदपत्रांची नक्कल काढायची फी कशाने भरायची, तेही सांगा. हरवलेलं ओळखपत्र परत मिळवायला बहुतेक ठिकाणी पत्ता लागतो, आणि पत्ताच तर नसतो. एखाद्या संस्थेने पत्रव्यवहारासाठी आपला पत्ता वापरू दिला, कागद ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी दिली आणि प्रती काढून जपून ठेवल्या, तर पुढची बरीच दारं उघडतात.

मुद्दा ६: ‘घरातले जुने कपडे द्या, त्यांना काहीही चालतं.’ नाही चालत. फाटके, न धुतलेले, मापात न बसणारे कपडे दोन दिवसांत तिथेच कचरा होऊन पडतात, आणि नावं त्या माणसालाच ठेवली जातात. लागतात ते नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, पायाच्या मापाचे बूट आणि मोजे. मोजे नेहमी दोन जोड द्या. दिवसचे दिवस ओल्या मोज्यांत राहिलेला पाय पांढरा पडतो, सुरकुततो, बधिर होतो, मग त्याची कातडी सुटते आणि जखम चिघळते. एक जोड वाळत असताना दुसरी पायात हवी, आणि रात्री पाय पुसून, उघडे करून कोरडे ठेवायला तेवढीच कोरडी जागाही हवी.