गाठ आटली, पण किती दिवस?

रविवारी सांगलीहून तात्यांचा फोन आला. घरात दोन तट पडलेत. काकूंना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि कुणीतरी बातमी धाडली की परदेशी गोळीनं दहापैकी सहा जणांची गाठ आटली. धाकटा म्हणतो, ओढ्याकडचं रान विकू, गोळी मागवू. थोरला म्हणतो, मिरजेचे डॉक्टर देतात ती केमो पुरे. "तू त्याच कामात आहेस, तू सांग."

मी मँचेस्टरला औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासतो. 'आटली' म्हणजे काय, याचा नियम ठरलेला आहे. निवडक गाठींच्या व्यासांची बेरीज निदान 30 टक्के घटली पाहिजे. तीच घट घनफळात मांडली तर गोल गाठ 65 टक्के लहान झालेली दिसते. बातमीत कुठला आकडा जातो, ते सांगायला नको! शिवाय चाचणीच्या निकालाच्या आलेखात कुणाची गाठ किती घटली, हे दाखवणारी प्रत्येक रुग्णाची एक पट्टी असते, ती त्याच्या सगळ्यात चांगल्या स्कॅनची. नंतर गाठ पुन्हा वाढली तरी पट्टी हलत नाही. आणि दुसऱ्या स्कॅनआधीच जो गेला, त्याची बहुधा पट्टीच नसते.

तरी धाकट्याला मी वेड्यात काढणार नाही. क्रिझोटिनिब या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या गोळीच्या सुरुवातीच्या चाचणीत 82 जणांपैकी 57 टक्क्यांची गाठ अशीच आटली होती. 2010 सालची गोष्ट. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते औषध टिकलं. पण ते 82 जण सुमारे दीड हजार रुग्ण तपासून निवडलेले होते. प्रत्येकाच्या गाठीत एएलके नावाच्या जनुकाचा बिघाड सापडलेला, आणि ती गोळी त्याच बिघाडावर नेम धरते. म्हणून मी तात्यांना एवढंच विचारलं, काकूंच्या गाठीची जनुक तपासणी झाली का? झाली नव्हती. दोन्ही तटांनी तो विषयच काढला नव्हता.

इथले लोक फार शहाणे, असंही नाही. चाचणीच्या संमतीपत्रात 'तुम्हाला फायदा होईलच असं नाही' असं छापलेलं असतं, ते वाचूनही माणसं मनात गाठ आटवतातच. फक्त इथं त्या आशेपायी रान विकावं लागत नाही.

तात्यांना पुराच्या भाषेत सांगितलं. आयर्विन पुलाजवळ पाणी दोन फूट उतरलं म्हणून तुम्ही माळ्यावरचं सामान खाली काढता का?

"छे! आधी कोयनेतून किती सोडलंय ते बघतो."

मग तपासणी कुठं होते, किती दिवस लागतात, ते त्यांनी लिहून घेतलं. रानाचा विषय त्या फोनवर पुन्हा निघाला नाही.