मी कशालाच हात लावला नाही रे!

रबाळ्याहून ठाण्याच्या लोकलमध्ये चेंगरून उभा होतो, एक हात कडीला, दुसऱ्यात फोन. पलीकडे वर्तकनगरच्या घरातून आई रडकुंडीला आलेली. विमा कंपनीच्या साइटवर उघडलेल्या पॉपअपमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा क्लेम भरत होती. पॉलिसी नंबर, आयएफएससी कोड, अकाउंट नंबर, आणि ‘तपशील’मध्ये अख्खा परिच्छेद. एक शब्द चुकला म्हणून तिने तो माउसने ओढून निवडला, आणि बोट सुटलं ते नेमकं पॉपअपच्या बाहेर. झालं! पॉपअप गायब, पाऊण तासाचं टायपिंग गायब.

‘मी कशालाच हात लावला नाही रे!’ आणि ती खरं बोलत होती.

कारण मला माहीत आहे, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. माउसचं बटण पॉपअपच्या आत दाबलं आणि बाहेर सोडलं, तर ब्राउझर ते क्लिक दोन्ही जागा ज्याच्या पोटात येतात त्या एलिमेंटच्या, म्हणजे पानावरच्या भागाच्या, नावावर टाकतो. इथे ते एलिमेंट म्हणजे मागचा काळपट पडदा. आणि साइट बनवणाऱ्या महाभागाने कोडमध्ये लिहून ठेवलेलं: पडद्यावर क्लिक आलं की बंद कर. अरे, दाबलं कुठे होतं ते तर बघ! माउसडाउन, म्हणजे बटण दाबणं, कुठे झालं हे लक्षात ठेवायला दोन ओळी पुरतात. दोन!

बरं, कीबोर्डवरच्या एस्केपचंही तेच. पॉपअपसाठी ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग एलिमेंट २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. एस्केप दाबला की बंद होण्याआधी तो बिचारा ‘कॅन्सल’ इव्हेंट, म्हणजे कोडला सूचना, पाठवतो, की बाबा, अडवायचं असेल तर आत्ताच अडव. ‘लिहिलेलं जाईल, चालेल का?’ एवढं विचारायला काय जातं यांचं?

आणि हेच लोक ‘आमचं अ‍ॅप घ्या’वाल्या पॉपअपची फुली मोहरीएवढी करतात! तिथे चुकूनही बंद होणार नाही याची काळजी बरोब्बर घेता येते.

(माझ्याच ऑफिसात मी हा बग नोंदवला होता. उत्तर आलं, ‘यूजरने माउस बाहेर नेलाच कशाला?’ बगचं तिकीट बंद. ते मात्र विचारून केलं.)

घरी पोचलो तर आईने सगळा तपशील आधी वहीत उतरवून ठेवला होता. मला बघताच माउस माझ्याकडे सरकवला.

‘तूच धर बाबा हा. मला भीती वाटते.’