बाची इकडं, शिनोळी तिकडं

शिवा वडाप चालवतो, म्हणजे शिटं भरून सोडायची खाजगी गाडी; कर्नाटकातल्या बेळगावातून सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीला. त्यामुळे 'शक्ती' हा शब्द, म्हणजे कर्नाटकातली बायकांच्या फुकट बसची योजना, कुणी काढला की त्याचा चहा गार होतो. परवा शहापुरात आमच्या कट्ट्यावर तो काढला अण्णांच्या भाच्याने. सुयश बेंगळुरात सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करतोय. म्हणजे सरकारने योजना आणली, पैसा ओतला, त्यातून खरंच काही बदललं का, हे कसं ठरवायचं त्याचं शिक्षण.

"ह्याला कॉलेज कशाला पाहिजे?" शिवा म्हणाला. "मला विचार की. फसली. माझी गाडी रिकामी."

"तुझी गाडी रिकामी म्हणजे बस भरली," अण्णा म्हणाले. "म्हणजे योजना पास." अण्णा रिटायर कंडक्टर. एसटीचं नाव निघालं की अजून त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे जातो.

सुयशच्या मते दोघंही एकाच चुकीत होते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास मिळाला, आणि तेव्हापासून किती शून्य तिकिटं, म्हणजे शून्य रुपयांची तिकिटं, निघाली याचेच आकडे वर्तमानपत्रात येतात. इथे अण्णांनी त्याला थांबवलं, आणि ते जे बोलले ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाटलं.

"ते तिकीट फाडायचं कशाला, ते तरी कळू दे. बाईला लागतंय म्हणून नाही. सरकारकडून महामंडळाला तेवढे पैसे घ्यायचे असतात, त्याचा हिशेब आहे तो. एक बाई दोन बस बदलून गेली की दोन तिकिटं. बायका दोन झाल्या काय?"

म्हणजे तो आकडा हिशेबाचा. बदलाचा आकडा वेगळा. जी बाई आधीही तिकीट काढून जातच होती, तिचे पैसे वाचले. जी बाची-उचगावातून भाजीची बुट्टी घेऊन निघायचीच नाही आणि आता निघते, तिचं आयुष्य हललं. तिकीट मात्र दोघींचं सारखंच.

"मग आधी किती जात होत्या ते बघ, आता किती ते बघ, वजा कर," मी म्हणालो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, वजाबाकी मला जमते.

"मामा, २०२३ चा पाऊस आठवतोय?" सुयशने विचारलं. आठवणार नाही तर काय! जून कोरडा, ऑगस्ट त्याहून कोरडा, आणि पुढे राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. शेतात काम नाही म्हणून शहराकडे आलेली बाईसुद्धा शून्य तिकिटावरच आली. ती योजनेने आणली की दुष्काळाने?

मग त्याने सीमेचा मुद्दा काढला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान मजुरी तासाला सव्वाचार डॉलरवरून ५.०५ डॉलर केली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केली नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चारशेवर बर्गर-छाप हॉटेलांत आधी आणि नंतर नोकर किती ते मोजलं. इकडे झालेल्या बदलातून तिकडे झालेला बदल वजा. फरकातला फरक. मजुरी वाढली की नोकऱ्या जातात असं सगळे धरून चालले होते, तसं काही दिसलं नाही. त्यावर भांडणं बरीच झाली, पण कार्डना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

"आपल्याकडं सीमा काय कमी हाय?" शिवा म्हणाला. खरंच की. १९५६ पासून आम्ही तिच्यावर मोर्चे काढतोय, ती मोजपट्टी म्हणून वापरावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाची इकडं कर्नाटकात, शिनोळी तिकडं महाराष्ट्रात; पाऊस तोच, बाजार बेळगावचाच.

अण्णांनी लगेच शिवाला पकडलं. "तुझ्या मेहुण्याची गाडी तिकडं महाराष्ट्रात चंदगड-कोवाड लायनीवर हाय न्हवं? त्याचं काय झालं?"

शिवा जरा गप्प झाला. "त्याची पण शिटं कमी झाली. माझी खेपेला सहा गेली, त्याची तीन."

"म्हणजे शक्तीनं तुझी तीनच खाल्ली. उरलेली तीन आणि कशानं तरी गेली."

अण्णांना वाटलं, निकाल लागला. पण सुयशनेच तो मोडला. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं, शक्तीच्या जेमतेम तीन महिने आधी. म्हणजे तिकडची बाजू काही न बदललेली नाहीच. त्या वजाबाकीतून फार तर 'फुकट' आणि 'अर्धं' यातला फरक कळेल. 'फुकट' आणि 'काहीच नाही' यातला नाही.

मला आणखी एक खुपत होतं. माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. शक्तीसाठी कर्नाटकातला पत्ता दाखवावा लागतो. तिने लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आधारावरचा माहेरचा पत्ता बदललेला नाही, आणि आता तर बदलणारच नाही. शिनोळीपर्यंत एसटीचं अर्धं, बाचीपासून फुकट. तिला कुठल्या बाजूला धरायचं? महाराष्ट्राने आपल्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे उपचार कर्नाटकाच्या सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केले, कर्नाटकाने हरकत घेतली, तेव्हाही असाच घोळ होता. एका राज्यातल्या गावावर दुसऱ्या राज्याची योजना. न्यू जर्सीतल्या हॉटेलांना असलं सासर-माहेर नसावं.

सुयशने फॉर्म काढला. बस स्टँडवर बायकांना विचारायचे प्रश्न होते. पहिल्याच ओळीत 'आधारवरील पत्ता'. त्याखाली त्याने पेनाने लिहिलं, 'रात्री मुक्काम कुठे?' अण्णा म्हणाले, असलं विचारशील तर मार खाशील. 'घर कुठलं' म्हण. त्याने खोडून तसं लिहिलं.

"आणि वडापवाल्याला काय विचारणार?" शिवा म्हणाला. "माझं नाव कुठल्या रकान्यात हाय?"

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. सुयशने पान उलटलं, मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीशिवायच रेघ ओढली आणि आणखी दोन बाय-टू चहा सांगितले.