फळं, भाकरी, भाजी बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे फळांत साखर असते ती बंद करा, भाकरी काय नि पाव काय शेवटी कार्बच, आणि मुंबईत मिळणारी भाजी सगळी केमिकलची, त्यापेक्षा फायबर पावडर आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या. शुगरवाल्या काकांनी खरंच फळं सोडलीत म्हणून लिहितेय.

आधी फळं. साखर असते, खरंय. पण फळ चावून खाल्लं की सोबत चोथाही पोटात जातो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. स्टेशनबाहेर मोसंबीचा ज्यूस काढताना नीट बघा, एका ग्लासाला तीन-चार मोसंबी जातात, चोथा सगळा खालच्या बादलीत आणि वरून साखरेचा पाक, आता एका बैठकीत एवढी मोसंबी सोलून कोण खातं सांगा? २०१३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात हार्वर्डवाल्यांचा मोठा अभ्यास आला होता, त्यात सफरचंद, द्राक्षं अशी अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस कमी दिसला आणि ज्यूस जास्त पिणाऱ्यांत उलट जास्त. काका, सोडायचाच तर ज्यूस सोडा, पेरू कशाला?

भाकरी आणि पाव एकच, हे तर साफ चूक. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, फायबर आणि बी व्हिटॅमिन्स बरीचशी तिथेच असतात. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, मैदा त्याच्या जवळपासही नाही. आणि ब्राउन ब्रेडच्या रंगावर जाऊ नका, पाकीट उलटं करा, यादीत पहिलं नाव मैदा असेल तर तो मैद्याचाच ब्रेड.

पावडरचं म्हणाल तर डब्ल्यूएचओ मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते, ते पण जेवणातून मिळणारं, शिवाय फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम.

भाजीवर फवारलेल्या औषधांची भीती मात्र खोटी नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, सगळं जात नाही पण बरंच कमी होतं. आणि ज्या अभ्यासांत भाजीचा फायदा दिसलाय त्यातली बहुतेक माणसं बाजारातलीच साधी भाजी खात होती ना.

किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पोटॅशियममुळे कुठलं फळ, किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खरी काळजी घ्यायची ती इथे, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये नाहीये.