फसफसला म्हणजे चुनखडकच का? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, कमेंट सविस्तर आहे तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं की ऍसिड टेस्ट (ऍसिडचा थेंब टाकायचा, फसफसला तर चुनखडक) बिनकामाची, कारण तुमच्याकडचा दगड उघडउघड वाळूचा आहे, हाताला कचकच लागते, तरी ऍसिड टाकल्यावर फसफसला. अहो, फसफसणारच की! ऍसिडला खडक कुठला ते कळत नाही, त्याला फक्त कॅल्साइट (चुनखडक ज्याचा बनतो ते खनिज) कळतं, आणि वालुकाश्मात वाळूचे कण धरून ठेवणारं सिमेंट बऱ्याचदा कॅल्साइटचंच असतं. टेस्ट खरं तेच बोलली, तुम्ही पुढचं ऐकून न घेताच उठलात.

आता असं करा, दगड ताजा फोडा (बाहेरच्या झिजलेल्या सालीवर काय वाट्टेल ते क्षार बसलेले असतात), १० टक्के हायड्रोक्लोरिकचा एकच थेंब टाका आणि भिंगातून नीट बघा बुडबुडे नेमके कुठून येतायत. फटींमधून येतायत आणि कण ढिम्म बसलेत, तर ते कण बहुतेक क्वार्ट्झचे (वाळूतलं नेहमीचं कठीण खनिज, ऍसिडला दाद न देणारं). त्याच जागी परत परत थेंब टाकत राहिलात तर सिमेंट विरघळतं, मग पाण्याने धुऊन टाचणीने टोकरलं की कण सुटे होऊन येतात. शुद्ध चुनखडकात असे कण मागे उरतच नाहीत, सगळा भागच फसफसतो. ऊलाइटिक चुनखडक मात्र भलताच फसवा, बारीक गोल दाण्यांमुळे दिसतो थेट वाळूसारखा, पण तिथे दाणेसुद्धा फसफसतात.

चाकूने ओरखडा काढून बघितलं म्हणता, ते वालुकाश्मावर करू नका, दाणे नुसते सुटून येतात आणि वाटतं दगड मऊ आहे. त्यापेक्षा सुटलेला दाणा काचेवर घासा. क्वार्ट्झची कठिणता (खनिजांच्या १ ते १० या मोहस मापावर) ७, काचेवर चरा पडतो. कॅल्साइटची ३, त्याने काही होत नाही.

आणि तो दुसरा पांढरा दगड, जो फसफसलाच नाही, तो डोलोमाइट (चुनखडकाचा मॅग्नेशियमवाला भाऊबंद) असू शकतो, त्याची आधी पूड करा आणि मग थेंब टाका, हळूहळू बुडबुडे येतील. व्हिनेगरवर भागवत असाल तर त्यात चुनखडकसुद्धा संथच असतो, तेव्हा दोन मिनिटं थांबा. आणि ऍसिड असेल तर गॉगल लावा, प्लीज.