‘48 व्होल्टचा ड्रिल घ्या, ब्रँड बघू नका’ : या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास, किंवा सोसायटीत कुणाला नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की, एक फॉरवर्ड हमखास ग्रुपवर येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच: ‘घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताय? मोठ्या ब्रँडला पैसे देऊ नका, सगळे चीनमध्येच बनतात. फक्त व्होल्ट बघा. 12 म्हणजे खेळणं, 21 ठीक, 48 घेतलंत तर काँक्रीटमध्येही लोण्यासारखा जाईल. बॅटरी कुठल्याही कंपनीची चालते, अ‍ॅडॉप्टर मिळतो. आणि एकदा ब्रँड ठरला की सगळी हत्यारं त्याच ब्रँडची घ्या.’

ब्रँड बघू नका आणि मग एकाच ब्रँडला धरून राहा, या दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये कशा बसतात ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. असो, एकेक घेऊ.

आधी व्होल्ट, कारण सगळ्यात जास्त गंडवागंडवी तिथेच आहे. या बॅटरीच्या खोक्यात लिथियम-आयनचे गोल सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज 3.6 आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. पाच सेल जोडले की सरासरी 18 आणि चार्जरवरून काढल्याबरोबर 21. म्हणजे एका खोक्यावर 18, दुसऱ्यावर 20 मॅक्स आणि तिसऱ्यावर 21 लिहिलं असलं तरी आत पाच सेलांचीच माळ आहे. डीवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत 20 व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात तीच युरोपात 18 व्होल्टची होते. तीन सेलांचंही तसंच. बॉशने आपल्या निळ्या 10.8 व्होल्टच्या हत्यारांवर पुढे 12 लिहायला सुरुवात केली, पण सेल तीनचे चार झाले नाहीत.

मग 48, 88, 98 हे आकडे आले कुठून? नीट बघा, आकड्यापुढे बऱ्याचदा ‘व्हीएफ’ अशी अक्षरं असतात. ते व्होल्ट नाहीतच, मॉडेलच्या नावात घुसवलेला आकडा आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर घेऊन चार्ज झालेल्या ‘48 व्हीएफ’च्या टोकांना लावा, काटा वीस-एकवीसवरच थांबेल. त्याच खोक्यावर ‘12000 एमएएच’ असंही लिहिलेलं असतं (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते; हजाराचा एक अँपिअर-अवर). हेही तोंडी हिशोबात निकालात निघतं. यात सहसा येणारा सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो, आणि त्या मापाचा उत्तमातला उत्तम सेलही साधारण 3500 एमएएचचा. पाच सेल एकामागे एक लावले तर व्होल्ट वाढतात, एमएएच एका सेलाचेच राहतात. दहा सेल पाच-पाचच्या दोन माळांत लावले तरी मजल सात हजारांपर्यंत. तळहातावर मावणाऱ्या खोक्यात बारा हजार बसवायची विद्या अजून कुणाला साधलेली नाही. दोन बॅटऱ्यांची तुलना करायचीच असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 36 वॉट-अवर, 10.8ची तेवढ्याच अँपिअर-अवरची म्हणजे साडेएकवीसच्या आसपास.

‘12 म्हणजे खेळणं’ हे तर कामाचा विचार न करता ठोकून दिलेलं आहे. घरात ड्रिल करतो काय? कपाटाच्या बिजागऱ्या आवळतो, ड्रॉवरचे चॅनल बसवतो, प्लायवूडला भोक पाडतो. त्याला 30 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरून उरतो, आणि बरे 12 व्होल्टचे ड्रिल तेवढा देतात. उलट पार्टिकल बोर्डच्या फर्निचरवर दणकट मशीन पूर्ण जोरात चालवलंत की स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो, भोकाचा भुसा होतो आणि ती बिजागरी पुन्हा कधी धरत नाही. बिट धरणाऱ्या चकच्या मागे आकड्यांची कडी असते ती क्लचची, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त जोर लागला की बिट फिरवणं सोडून देणारी. तिथे लहान आकड्यापासून सुरुवात करायची. हा क्लच असलेलं हलकं मशीन घरात जास्त वेळा हातात घेतलं जातं.

आता काँक्रीट. इथे फॉरवर्डवाल्याने लोकांचा खरा तोटा केला आहे. फ्लॅटमधलं पहिलं काम बहुधा पडद्याच्या रॉडचं. रॉड बसतो खिडकीच्या वर, आणि तिथे विटा नसून लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) किंवा बीम असतो. कॉर्डलेसच्या साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात, त्याने बिट थरथरतो. ठोका तुम्ही मागून जोर लावाल तेवढाच. प्लास्टर सहज जातं, पाव इंचावर काँक्रीट लागलं की बिट नुसता किंचाळतो, टोक निळं पडतं, मशीनला वास येतो आणि माणूस स्टुलावर घामाघूम. यात 12च्या जागी 21 आणलेत तरी फरक थोडाच. फरक पडतो यंत्रणेने. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून ठोका मारतो आणि एसडीएस नावाच्या खाचेतला बिट पुढेमागे मोकळा सरकतो. हा ठोका ज्यूलमध्ये मोजतात. वायरवालं लहान रोटरी हॅमर दीड-दोन ज्यूलचा ठोका देतं आणि 6 मिलिमीटरचं गिट्टीचं (स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचं) भोक बीममध्ये काही सेकंदांत पाडतं. आपल्याकडे घरात पाऊल-दोन पावलांवर प्लग असतो. भिंतीसाठी वायरवालं मशीन आणि लाकूड-स्क्रूसाठी 12 व्होल्टचं कॉर्डलेस, अशी जोडी ‘48 व्होल्ट’च्या एका मशीनपेक्षा कितीतरी कामाची. रोटरी हॅमर वर्षातून दोनदाच लागणार असेल तर विकतही घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. (नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे ठोका बंद ठेवूनच भोक पाडा, नाहीतर गिट्टी सैल बसते.)

‘सगळे चीनमध्येच बनतात.’ बरेचसे बनतात, मान्य. शिवाय मालकीचा घोळ आहेच: डीवॉल्ट, स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर एकाच कंपनीचे, अमेरिकन वाटणारं मिलवॉकी 2005पासून हाँगकाँगच्या टेकट्रॉनिकचं, आणि 2018मध्ये हिताची कोकीचं हायकोकी झालं. पण कारखाना कुठे आहे यापेक्षा तीन वर्षांनी सुटी बॅटरी, स्विच आणि चार्जर कुठे मिळेल हे महत्त्वाचं. मशीन टिकतं, आधी बॅटरी जाते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारा आणि मशीनच्या आधी सुट्या बॅटरीचा भाव विचारा. दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणाला की काय ते समजा. बिननावाच्या मशीनची एक बाजू मात्र खरी आहे: त्यातल्या बऱ्याच जणांनी मकिता कंपनीच्या 18 व्होल्टच्या बॅटरीच्या खाचेची नक्कल केल्यामुळे बसेल अशी बॅटरी सहज मिळते.

पण बसते म्हणजे चालते असं नाही, आणि अ‍ॅडॉप्टरचंही हेच. सेल ठरावीक पातळीखाली उतरू न देणारं संरक्षण काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, काही मशीनमध्ये. एकीची बॅटरी दुसरीच्या मशीनला अ‍ॅडॉप्टरने जोडली की मधल्या मध्ये ते संरक्षणच गळून पडू शकतं. बॅटरी पार तळाला जाते आणि पुन्हा चार्ज होत नाही.

राहता राहिलं ‘एकच ब्रँड’. यात तथ्य आहे, फक्त जपायची ती बॅटरीची खाच. ब्रँडच्या नावावर विसंबलात तर फसाल. बॉशची हिरवी हत्यारं घरगुती, निळी धंदेवाईक, दोन्ही 18 व्होल्टची, तरी एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. मकिताची एलएक्सटी आणि स्वस्तातली जी-मालिका, दोन्ही 18च्या, तिथेही तेच. उलट मेटाबोने 2018मध्ये सुरू केलेल्या कॅस नावाच्या गटात वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकाच बॅटरीवर चालतात.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना हत्यार आणायला सांगणारेही बरेच आहेत. मशीन चेक-इन सामानात चालतं, पण सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. ती शंभर वॉट-अवरच्या आत असेल तर सहसा अडचण येत नाही, आणि 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी नव्वदच भरते. तिकडचा चार्जर मात्र बहुतेक वेळा फक्त 120 व्होल्टवर चालणारा असतो, इथल्या 230च्या प्लगात घातला तर जळेल. तो इथेच घ्या.